दाराबाहेर थांबलेला वस्तरा

मित्रांनो, माझे पाते झिजून झिजून आता चंद्राच्या कोरीइतके अरुंद झाले आहे, आणि माझी शिंगाची मूठ एका बाजूने तडकली आहे. मी एक जुना वस्तरा आहे. तुर्कस्तानातल्या चोरूम शहरात घड्याळाच्या मनोऱ्यामागे हैरेत्तिन उस्तांचे केशकर्तनालय आहे; उस्ता म्हणजे आपल्या कसबातला उस्ताद. तेथील आरशाखालच्या फळीवर माझे वास्तव्य असते. कोणत्याही गिऱ्हाइकाच्या गालाला माझा स्पर्श होऊन कित्येक वर्षे लोटली. तथापि दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून आल्यावर, उस्ता मला उघडतात, चामड्याच्या पट्ट्यावर सावकाश फिरवतात आणि परत मिटून ठेवतात. ज्या वस्तऱ्याने काही कापावयाचेच नाही त्याला धार कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचेच उत्तर देण्यासाठी मी आज तोंड उघडले आहे.

माझा जन्म जर्मनीतील झोलिंगेन गावी झाला. त्या गावाचा धंदाच पात्यांचा. तेथील कारागिरांनी मला भट्टीत लाल केले, घणाखाली ठोकले, तेलात विझवले आणि मग दगडावर असे घासले की माझ्या अंगात त्यांना स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. चोरूमचा एक खाणकामगार त्या देशात पोटासाठी राबत होता. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाताना त्याने मला विकत घेतले व आपला बालमित्र हैरेत्तिन यास भेट दिले. पोलाद जर्मनीचे आणि हात तुर्काचा, असा आमचा संसार सुरू झाला.

काय ते दिवस होते! बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्यांची दाढी माझ्याच पात्याने व्हायची, ढोल-सनई दारात वाजत असायची. फौजेत निघालेल्या पोरांच्या माना मीच साफ करीत असे. गरम टॉवेल, फेस, मी, आणि शेवटी तळहातावर लिंबाच्या वासाचे कोलोन, असा तो क्रम होता. उस्तांची बोटे डोळ्यांपेक्षा शहाणी होती. कोणाच्या डोक्यावर लहानपणीची खोक कोठे आहे, कोणाच्या जबड्याखाली गाठ उठली आहे, हे त्यांना हात फिरवताच समजत असे. लोक म्हणत, "हैरेत्तिन उस्तांचा हात फिरला की दुखणंसुद्धा लाजून बाहेर येतं."

परंतु एक दुखणे लाजून आतच राहिले. ते त्यांच्या स्वतःच्या मुलाचे होते.

मुलाचे नाव तुंजाय. त्याच्या लहानपणी उस्ता त्याला आपल्याबरोबर हमामखान्यात नेत. तेथे गिऱ्हाइकांच्या दाढ्या करावयाच्या असल्यामुळे मीही सोबत असे. एके दिवशी त्या वाफेत उस्तांनी तुंजायच्या कमरेला चौकड्यांचा पंचा गुंडाळला, गाठ मारली आणि अभिमानाने म्हणाले, "आता तू बाप्या झालास. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत जे आहे ते तुझं एकट्याचं. आजपासून ते कोणाला दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही." त्या मुलखातील प्रत्येक बाप ही गाठ आपल्या मुलाच्या कमरेला मारतो. तुंजायची छाती फुगली. पुढे त्याने तो धडा इतका चोख पाळला की तो पाळण्यातच त्याचे आयुष्य खर्ची पडले.

तुंजाय फौजेत गेला. पूर्वेकडच्या खाचखळग्यांच्या रस्त्यांवर त्याने लष्कराचा ट्रक हाकला. परत आला तो रापलेला, केसाळ, धिप्पाड जवान होऊन. दुकानात आला की मात्र बाकाच्या कडेला एका अंगावर टेकत असे. शेजारी सातिल्मिश नावाचे गृहस्थ फुटाणे भाजून विकत. त्यांचे अर्धे आयुष्य आमच्या दुकानात चहा पिण्यात गेले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काय रे तुंजाय, बाकावर अंडं घातलंयस का? फुटेल म्हणून असा अधांतरी बसलायस?"

"काही नाही हो काका. गाडीत बसून बसून पाठ धरलीय."

"पाठ? आमच्या वेळी पाठ जरा वर असायची बाबा. फौजेनं खाली सरकवली वाटतं!"

दुकान हसले. तुंजायही हसला, परंतु कानापर्यंत लाल झाला. उस्तांनी माझ्यावरील फेस पुसला आणि मान न वळवता म्हटले, "सातिल्मिश, तुझे फुटाणे करपतायत बघ."

मित्रांनो, हे दुखणे काय असते ते सांगतो. तुम्ही ज्याला केसतूड म्हणता त्याची ही थोरली बहीण समजा. माकडहाडापाशी जी घळ असते तेथे गळालेला एखादा राठ केस बसण्याच्या दाबाने कातडीत शिरतो. त्याच्यामागून दुसरा शिरतो. आत पुवाची थैली होते, ती फुगते, फुटते, वाहते आणि पुन्हा भरते. तुर्कस्तानात यास केस उलटणे असे म्हणतात. तेथील तरुणांत हे दुखणे इतके आहे की प्रत्येक गल्लीत एक तरी दुखणाईत निघेल. आणि प्रत्येक गल्लीत ते पाठीचे दुखणे म्हणूनच ओळखले जाईल.

त्याच सुमारास दर गिऱ्हाइकाला नवे पाते वापरावे असा नियम आला. माझ्यासारख्या अखंड पोलादाचे दिवस भरले. मी फळीवर पडून राहिलो. तुंजाय जर्मनीला मामाकडे भाजीची गाडी चालवण्यास निघाला, तेव्हा उस्तांनी मला त्याच्या हाती ठेवले. म्हणाले, "हा तिकडचाच आहे. त्याला माहेर दाखवून आण." अशा रीतीने मी माझ्या जन्मभूमीस परतलो, आणि ड्युइसबुर्ग शहरातील एका इस्पितळात तुंजायच्या खाटेशेजारील खणात जाऊन पडलो. कारण गाडीतच त्याला ताप भरला होता आणि ती थैली फुटली होती.

जर्मन शल्यविशारदाने सगळा रोगट भाग खरवडून न काढता मुळासकट कापून टाकला. अक्रोड मावेल एवढा खड्डा पडला. तो त्याने शिवला नाही. "बंद जखम खोटं बोलते," तो म्हणाला. "वरून हसते, आतून सडते. उघडी जखम खोटं बोलू शकत नाही. तळापासून हळूहळू भरू दे. वेळ लागेल, पण पक्कं काम होईल." त्या देशाची रीतच तशी होती: काम सावकाश करावे, पण पुन्हा करावे लागू नये.

हानेलोर नावाच्या पोक्त परिचारिका रोज खड्ड्यात औषधी पट्टी भरीत आणि ठराविक दिवसांनी भोवतालचे केस काढीत. तुंजाय तेव्हा उशीत तोंड खुपसून दात आवळी. घरी जाण्याच्या दिवशी बाईंनी विचारले, "आता हे केस काढायचं काम घरी कोण करणार? जखम भरली तरी पुढं कितीतरी दिवस ते करावं लागतं. बायको आहे?"

"लग्न नाही झालं."

"मग वडील? काय करतात तुमचे वडील?"

तुंजाय उशीतच पुटपुटला, "न्हावी आहेत."

हानेलोरबाई इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. "अहो, मग रडताय कशाला? लोकांना असा बाप नवसानं मिळत नाही!"

"तुम्हांला नाही कळायचं, सिस्टर," असे म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. बाईंना खरोखरच समजले नाही. खणाच्या फटीतून मला मात्र समजले.

त्यानंतरचे महिने फार वाईट गेले. जखम तळापासून भरत होती, परंतु गोगलगाईच्या गतीने. बसता येत नाही म्हणून मामाने गाडी दुसऱ्याच्या हाती दिली. माळ्यावरच्या खोलीत तुंजाय पालथा पडून राही. कोणी भेटावयास येत नसे, कारण त्याने कोणास सांगितलेच नव्हते. मामाला पाठ, मित्रांना पाठ, आईला फोनवरही पाठच. अखेरीस त्याचा धीर सुटला, आणि अर्धवट भरलेली जखम घेऊन तो चोरूमला परतला.

आता घरात लपवणे अशक्य झाले. त्याची आई नझीफे हिला धुण्यात डाग दिसत होते. तिने नवऱ्याला एवढेच सांगितले, "पोराची पाठ डॉक्टरला दाखवा." उस्ता त्याला रेम्झी नावाच्या शल्यविशारदाकडे घेऊन गेले. मी उस्तांच्या कोटाच्या खिशात होतो. मुलगा घरी आल्यापासून ते मला जवळ बाळगीत.

डॉक्टर रेम्झी गमत्या स्वभावाचे होते. जखम पाहून म्हणाले, "जर्मनांनी विहीर झकास खणलीय. बुजवायचं तेवढं राहून गेलं." मग ते समजावून सांगू लागले. "आम्ही उघडं ठेवत नाही. कापतो, आणि शेजारचा मांसाचा तुकडा पत्त्यातल्या चौकटसारखा कापून, वळवून खड्ड्यावर बसवून शिवतो. घळच सपाट केली की केसाला घुसायला जागा कुठली? थोड्या आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसशील. समुद्रापलीकडचा ग्रीक डॉक्टर मधोमध टाके घालतच नाही, एका बाजूला सरकवतो. त्यांचं आपलं हजार गोष्टींवरून वाजतं, पण इथं मला त्यांचं पटतं. महायुद्धात अमेरिकी शिपायांना हेच व्हायचं, ते जीपचं दुखणं म्हणायचे. आमच्यातलेच काहीजण सुरी लावतच नाहीत, जाळणाऱ्या औषधाचे खडे भोकात भरतात."

"मग बरोबर कोण, डॉक्टरसाहेब?" तुंजायने विचारले.

"ज्याचा रोगी परत येत नाही तो. कापण्यावरून सगळे देश भांडतात रे. पण शेवटचं वाक्य सगळ्यांचं एकच असतं, आणि नेमकं तेच कोणी ऐकत नाही. तिथं केस येऊ द्यायचा नाही."

मित्रांनो, मी दोन्ही देशांत ते वाक्य ऐकले होते. जर्मन भाषेत ऐकले, तुर्की भाषेतही ऐकले. शब्द निराळे होते, अर्थात तिळमात्र फरक नव्हता.

शस्त्रक्रिया चांगली झाली. टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी उस्तांच्या खांद्यावर हात ठेवला. "उस्ता, तुम्हांला मी काय शिकवायचं? आठवड्याला एकदा भोवतालचं साफ करायचं. तुमच्यासारखा हात कुठल्या पेशंटला मिळतो?"

"करू की. का नाही करणार," उस्ता म्हणाले. परंतु ते डॉक्टरांकडे न पाहता फरशीकडे पाहत होते.

त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट मला जशीच्या तशी आठवते. उस्तांनी दुकान लवकर बंद केले. घरी येऊन मला पट्ट्यावर असे फिरवले की नवरदेवासाठीसुद्धा कधी फिरवले नव्हते. नझीफेने पाणी कोमट केले. तबकात पाण्याचे भांडे, साबण, स्वच्छ टॉवेल आणि मी. उस्ता तबक घेऊन मुलाच्या खोलीपाशी गेले. दार नुसते लोटलेले होते. त्यांनी ते ढकलले नाही. बाहेरच्या तिवईवर बसले, तबक मांडीवर घेतले आणि वाट पाहू लागले.

आतून खाट करकरली.

"पाणी निवलं," नझीफे हळूच म्हणाली. "पुन्हा तापवू का?"

"तापव."

दुसऱ्यांदाही पाणी निवले.

"अहो, आत जा ना. बाप आहात की पाव्हणे?"

"हाक मारील तो. मोठा झालाय, त्याची लाज मी नाही राखायची तर कोणी?"

आत मुलगा पडल्या पडल्या हे सगळे ऐकत होता. बाप आत येईल, काही न विचारता काम उरकील, अशी त्यास आशा असावी. बाहेर बाप हाकेची आशा धरून होता. दोघांच्या मध्ये बोटभर जाडीची फळी होती, आणि तिला कडीसुद्धा नव्हती. दुपार कलली तेव्हा उस्तांनी तबक उंबऱ्यावर ठेवले व ते दुकानाकडे निघून गेले.

थोड्या वेळाने तुंजायचा हात बाहेर आला आणि त्याने तबक आत ओढले. एक आरसा भिंतीला टेकवला, दुसरा हातात धरला, मान पिळून पाहू लागला. जेथे माणसाची स्वतःची नजर पोहोचत नाही अशी ती जागा. त्याने मला उलट्या हाताने धरले. आरशात डावे ते उजवे झाले, आणि नव्या कोवळ्या व्रणाच्या खालच्या टोकाला माझे पाते लागले. त्याने मला पुसून तबकात ठेवले, परंतु घाईत माझ्या मुठीपाशी एक थेंब राहिला. संध्याकाळी उस्तांनी तो थेंब पाहिला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, आणि अंगठ्याकडे कितीतरी वेळ पाहत उभे राहिले.

पुढच्या शुक्रवारीही तसेच झाले. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तबक उंबऱ्यावर राहिले. फरक इतकाच की ते आत ओढले गेले नाही.

हे सारे सातिल्मिशकाकांनी कसे हेरले कोण जाणे. मशिदीचे होजा, म्हणजे नमाज पढवणारे मौलवी, दाढीसाठी दुकानात आले असता काकांनी मुद्दाम आवाज चढवला. तुंजाय कोपऱ्यात उभा होता.

"होजाएफेंदी, समजा एका माणसाला अवघड जागी दुखणं झालं. त्याच्या बापानं ते पाहिलं तर पाप का हो?"

होजांनी फेसाळलेल्या तोंडानेच उत्तर दिले, "आजाऱ्याला पडदा नाही. जेवढी गरज तेवढं पाहावं, पुण्यच आहे ते. का बरं विचारलंत?"

"माझ्या गाढवाला झालंय," काका म्हणाले. "लाजतंय बिचारं."

दुकान खो खो हसले. काकांच्या मनात उपकार करावयाचा होता, हे मी शपथेवर सांगेन. परंतु तुंजायने हातातले फुटाणे बाकावर ठेवले आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून तो दुकानात येईनासा झाला. ज्या गोष्टीस धर्माने मोकळीक दिली होती, तिला चार माणसांच्या हसण्याने कुलूप घातले.

व्रणाच्या खालच्या टोकाशी, जेथे माझे पाते लागले होते त्याच्या जवळच, वर्षभरात पुन्हा एक केस शिरला. डॉक्टर रेम्झी म्हणाले असते, परत ये, पुन्हा करू. तुंजाय गेलाच नाही. त्याने दूरच्या पल्ल्याचा ट्रक धरला, विजारीत फडक्याची घडी ठेवू लागला, आणि त्या वाहत्या जखमेला सोबत घेऊन संसाराविना जगू लागला. मुलीचा विषय निघाला की म्हणे, "पाठ बरी होऊ दे, मग पाहू." पाठ बरी झाली नाही. त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले. उस्तांचे हात कापू लागले. शुक्रवारी ते मला धार लावीत, परंतु तबक भरणे त्यांनी सोडून दिले होते.

जुन्या जखमेला वर्षानुवर्षे कोणी पाहिले नाही तर क्वचित ती आपली जातच बदलते, कर्करोग बनते. ती वाहावयाची थांबते आणि वाढू लागते. तुंजायच्या जखमेच्या कडा कठीण झाल्या. तो अखेरीस मोठ्या शहराच्या इस्पितळात गेला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी कोणत्या देशाची पद्धत चांगली याची चर्चा केली नाही. त्यांनी फक्त विचारले, "इतके दिवस कुठं होतात?"

थंडी सुरू झाली तेव्हा तुंजायला मशिदीमागच्या मृतस्नानाच्या खोलीत आणले. उस्ता म्हणाले, "माझ्या पोराला मीच न्हाऊ घालीन." होजांनी मान हलवली. दगडी ओट्यावर तुंजाय निजला होता. त्याच्या अंगावर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत कापड पसरले होते, कारण मेलेल्यालाही तो पडदा असतो. झाकल्या जागी न पाहता, कापडाखालून, हाताला फडके गुंडाळून धुवावयाचे असते.

होजा कोमट पाणी ओतीत होते. उस्तांचा हात कापडाखाली गेला. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो. हात सरकत सरकत पाठीच्या टोकाशी पोहोचला आणि थांबला. ज्या बोटांना अख्ख्या चोरूमच्या गाठी ठाऊक होत्या, त्या बोटांना ही गाठ त्या दिवशी प्रथम भेटली.

"एवढीशीच तर जागा होती रे," उस्ता म्हणाले.

मग त्यांनी दुसरा हात खिशात घातला, मला बाहेर काढले आणि उघडले. होजांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले व त्यांचे मनगट धरले.

"नाही उस्ता. आता केस काढत नाहीत. गेलेल्या माणसाचा केस त्याच्याबरोबरच जायचा असतो."

"होजा, मी धार लावून आणलाय."

"ठाऊक आहे मला. मिटा तो."

उस्तांनी मला मिटले. भांड्यातील पाणी तेवढ्यात निवून गेले होते.

मित्रांनो, आता डॉक्टर म्हणतात की अशा जागेसाठी वस्तऱ्यापेक्षा मलम बरे, किरणांचे यंत्र त्याहून बरे. ते खरे असेल, मला त्यात कमीपणा वाटत नाही. जखम उघडी ठेवावी की शिवावी हेही शहाण्या माणसांनी आपसांत ठरवावे. मी पोलादाचा तुकडा आहे, माझी विनंती लहानशी आहे. तुमच्या शरीरात दुखणारी जागा असेल तर तिला पाठ म्हणू नका, तिचे खरे नाव घ्या. कोणी दुखण्याला हसत असेल तर तुम्ही हसू नका, चांगल्या हेतूनेही हसू नका. दाराच्या आत असाल तर हाक मारा. आणि दाराबाहेर असाल, तर मित्रांनो, हाकेची वाट पाहू नका. दार लोटा आणि आत जा. पाणी निवत असते.